पुढचा गिअर: आधी जागा, मग हद्द, शेवटी ताण

शिलाई मशीनवर टाका बिघडला, कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं, की शिकायला आलेल्या मुली सगळ्यात आधी टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळतात. इकडे पिळ, तिकडे पिळ, आणि अर्ध्या तासाने मशीन माझ्यापुढे आणून ठेवतात. मी टेन्शनला हात लावत नाही. दोरा काढते, सुई काढते, दोन्ही पुन्हा बसवते. बहुतेक वेळा दोरा टेन्शनच्या पाकळ्यांमध्ये नीट गेलेलाच नसतो. दोष एकीकडे आणि पिळणं दुसरीकडे. रोड बाइकच्या फ्रंट डिरेलरचंही, म्हणजे पुढच्या चकत्यांवर चेन चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या भागाचंही, नेमकं असंच होतं, म्हणून हे लिहायला बसले.

विक्रोळीला कन्नमवार नगरात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. पहाटे पाचला सायकल काढते, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, फिल्टरपाड्यावरून आत वळून आरे, गोरेगावपर्यंत जाऊन परत, आणि आठच्या आत घरी. सायकल सेकंडहँड आहे, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, शिमानो कंपनीचा सोरा गिअर संच, मागे नऊ गिअर. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २८. खाली जे सांगते ते तार असलेल्या, दोन चकत्यांच्या कुठल्याही रोड बाइकला लागू पडतं. बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिअर यात धरलेले नाहीत.

मागच्या रविवारी मुलुंडहून पुतणी सायकल घेऊन आली. "आत्या, मोठ्या चकतीवर चेन चढतच नाही. मी तो एच लिहिलेला स्क्रू पूर्ण सैल केला, तरी नाही."
"तार बघितलीस?"
"तार कशाला? तुटली थोडीच आहे."
तिची तार पाव इंच सैल होती. स्क्रू सैल केल्याने चेन हलवणाऱ्या पिंजऱ्याला बाहेर जायला जागा मिळाली होती, पण ओढणारंच कोणी नव्हतं. वर पंचाईत अशी, की तिथेच बॅरल, म्हणजे तारेचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी, पिळून ताण दिला असता तर चेन मोठी चकती ओलांडून सरळ पेडलच्या दांडीवर पडली असती.

फ्रंट डिरेलर म्हणजे दोन पत्र्यांचा पिंजरा. त्यातून चेन जाते. तार ओढली की पिंजरा बाहेर सरकतो आणि आतला पत्रा चेनला ढकलून मोठ्या चकतीवर चढवतो. तार सोडली की स्प्रिंग त्याला आत आणते आणि बाहेरचा पत्रा चेनला खाली उतरवतो. फ्रेमवर पिंजरा कुठे आणि कसा बसलाय ही त्याची जागा. आत-बाहेर कुठपर्यंत जायचं ही हद्द, ती दोन स्क्रू ठरवतात: आतली एल, बाहेरची एच. आणि हद्दीच्या आत नेमकं कुठे थांबायचं ते तारेचा ताण ठरवतो. हा क्रम मोडला की प्रत्येक दुरुस्ती पुढचा बिघाड घेऊन येते.

माझं स्वतःचं सांगते. एका जुलैमध्ये छोट्या चकतीवर असताना चेन सारखी घासल्याचा आवाज यायला लागला. रात्री दुकान बंद करून एल लिहिलेला स्क्रू मी एक पूर्ण फेरा सैल केला. आवाज गेला, मी समाधानाने झोपले. सकाळी पाऊस होता. गांधीनगर ओलांडून पवईच्या चढाला छोटा गिअर टाकला आणि चेन चकती आणि फ्रेमच्या मध्ये पडून आवळली गेली. पेडल जागच्या जागी बंद. शेजारून डंपर जात होते आणि मी फुटपाथला टेकून काळ्या हातांनी चेन ओढत होते. फ्रेमवरचा तो ओरखडा अजून तसाच आहे. दोष स्क्रूत नव्हताच. त्याच्या आदल्या आठवड्यात सायकल टेम्पोतून नेली होती, तिथे कशाचा तरी धक्का बसून पिंजरा क्लॅम्पवर, म्हणजे फ्रेमला धरणाऱ्या पट्ट्यावर, फिरला होता, शेपटीकडून बाहेर. त्यामुळे आतल्या पत्र्याचं मागचं टोक चेनला लागत होतं. मी जागा बघायची सोडून हद्द वाढवली.

तेव्हापासून हद्दीला हात लावायच्या आधी मी तार सोडते. तार सोडल्याशिवाय खरं काहीच कळत नाही.

सायकल लटकवायला स्टँड लागतोच असं नाही. माझ्याकडे खिडकीच्या ग्रिलला कॅनव्हासच्या पट्टीचे दोन फास आहेत, एक सीटच्या नाकाला, एक हँडलला. मागचं चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि पेडल हाताने फिरवता आलं पाहिजे, बास. हत्यारं थोडी: ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की, लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक पकड. काही नव्या डिरेलरवर स्क्रूलाही बारीक अ‍ॅलन लागते, आधी बघून घ्या. तार कापायची असेल तर केबल कटरच हवा. कापडाची कात्री तारेला लावलेली मला खपत नाही, आणि पकडीने चावून कापली तर तारेचे पदर सुटतात आणि ती पुन्हा कुठल्याच भोकातून जात नाही. एक गोष्ट मनापासून सांगते: चकती फिरत असताना बोट पिंजऱ्याजवळ न्यायचं नाही. मोजायचं असेल तर आधी पेडल थांबवा.

सुरुवातीला हँडलवरचा डावा छोटा लिव्हर तीन-चार वेळा दाबा, टक आवाज यायचा थांबेपर्यंत. शिमानोच्या शिफ्टरमध्ये, म्हणजे हे लिव्हर असलेल्या भागात, दोन मुख्य थांब्यांच्या अधेमधे छोटे थांबे असतात. लिव्हर अशा मधल्या थांब्यावर असताना तार बांधली तर सगळं माप चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही. मग तारेचा बोल्ट सैल करा. त्याआधी तार कुठे दाबली गेली होती तिथे मी शिंप्याच्या खडूने खूण करते. क्लॅम्प फ्रेमवर जिथे बसलाय तिथेही एक रेघ. परत यायची वाट माहीत असली की हात मोकळा चालतो.

आता जागा. पिंजरा हाताने बाहेर ढकलून मोठ्या चकतीच्या बरोबर वर आणा आणि बाजूने बघा. बाहेरच्या पत्र्याची खालची कड आणि चकतीचा सगळ्यात उंच दाता यांच्यात १ ते ३ मिलिमीटर फट हवी. मी रुपयाचं नाणं वापरते, ते साधारण दीड मिलिमीटर जाडीचं आहे. एक नाणं मोकळं जावं, दोन एकत्र अडकावीत. मोठ्या चकतीचे दाते सगळे एका उंचीचे नसतात, चेन चढावी म्हणून काही मुद्दाम आखूड केलेले असतात. म्हणून चकती फिरवून उंच दाता शोधा, मगच मापा. पिंजरा फार वर असेल तर चेन आळशासारखी चढते. फार खाली असेल तर उतरताना दात्यांना घासतो, कधी अडकतो.

उंची जमली की वरून बघा, अगदी सायकलच्या डोक्यावर उभं राहून. बाहेरचा पत्रा मोठ्या चकतीला समांतर दिसला पाहिजे. कापडाची ताणी आणि पट्टी जुळवताना डोळा जसा लावतो तसा एक डोळा मिटून बघा, एका अंशाचा तिरकेपणाही दिसतो. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून पिंजरा वळवा आणि पुन्हा आवळा. आवळताना तो बहुतेक वेळा किंचित फिरतोच, त्यामुळे आवळून झाल्यावर उंची आणि तिरकेपणा दोन्ही परत तपासायचे. मला पहिल्यांदा हे जमायला चार खेपा लागल्या होत्या आणि त्या चारही खेपा कामी आल्या. शिमानोच्या क्लॅम्पला ५ ते ७ न्यूटन-मीटर ताकद पुरते. फ्रेम कार्बनची असेल तर अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीने आवळायचा पाना) कोणाकडून तरी मागून आणा.

क्लॅम्प तीन मापांचे मिळतात: २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर. काही फ्रेमवर क्लॅम्प नसतो, फ्रेमलाच जोडलेल्या कानावर डिरेलर बसतो. नवा डिरेलर घ्यायला जाताना फ्रेमची नळी मोजून जा. काही नव्या शिमानो डिरेलरमध्ये फ्रेमला टेकणारा एक जास्तीचा आधार-बोल्ट असतो आणि ताणाचा स्क्रूही डिरेलरवरच असतो. त्यांच्या माहितीपत्रकातली चित्रं बघून करा. क्रम तोच.

मग आतली हद्द. चेन पुढे छोट्या चकतीवर, मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर. तार अजून सुटलेलीच. आता पिंजऱ्याला आणखी आत जाण्यापासून रोखणारा फक्त एल स्क्रू आहे. चेन आणि आतला पत्रा यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आत फट हवी. लग्नपत्रिकेचं कार्ड जेमतेम सरकेल एवढी. स्क्रू घट्ट केला की हद्द आकसते, सैल केला की वाढते. एलचं तसं, एचचंही तसंच. कधीही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि किती फिरवला ते मनात मोजत राहा. स्क्रूच्या डोक्यांना पावसाळ्यात गंज चढतो आणि स्क्रू ड्रायव्हर निसटून खाचा उडतात. आधी तेलाचा एक थेंब टाकून दहा मिनिटं चहा घ्या.

आता तार बांधायची. बॅरल अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून दोन फेरे परत बाहेर काढा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना जागा राहते. तो डाव्या तारेवर हँडलजवळ किंवा फ्रेमच्या खालच्या नळीवर असतो. तार डिरेलरवरच्या खाचेत बसवा, पकडीने हलकी ओढून धरा आणि बोल्ट आवळा. खाच नीट बघा. तार बोल्टच्या चुकीच्या बाजूने गेली तर लिव्हरची ओढ बदलते आणि गिअर कधीच बरोबर लागत नाही. मशीनमध्ये दोरा एक कडी चुकला की जे होतं, तेच. बांधल्यावर फ्रेमच्या खालच्या नळीजवळची तार बोटाने जोरात दाबा, दोन-तीनदा. ती बसते, थोडी सैल पडते. बोल्ट सोडून पुन्हा ओढा.

पेडल फिरवत मोठा लिव्हर दाबा. चेन चढली तर उत्तम. मागे सगळ्यात छोट्या चकतीवर न्या आणि बाहेरची हद्द बघा: चेन आणि बाहेरचा पत्रा यांच्यात तेच कार्ड, तीच फट. इथे एचचा स्क्रू. चढली नाही तर लगेच एचकडे धावू नका. माझी पुतणी जिथे चुकली ती ही जागा, आणि तिला मी जी परीक्षा शिकवली ती अशी.

पेडल थांबवा. एकाने लिव्हर पूर्ण दाबून धरायचा. दुसऱ्याने पिंजरा बोटाने बाहेर ढकलायचा. पिंजरा आणखी बाहेर गेला, तर हद्द शिल्लक आहे आणि तार सैल आहे. बॅरल अर्धा फेरा बाहेर, म्हणजे घड्याळाच्या उलट. पिंजरा जागचा हललाच नाही, तर त्याला स्क्रूने अडवलंय. एच पाव फेरा सैल. लिव्हरवर जोर करून चेन चढवायला जाऊ नका. पुढे स्क्रू अडवत असताना दाबलेला सगळा जोर शिफ्टरच्या आतल्या बारीक दात्यांवर जातो, आणि तो शिफ्टर डिरेलरपेक्षा कितीतरी महाग असतो.

उलट बाजूची परीक्षा: चेन मोठ्यावरून उतरत नसेल तर छोटा लिव्हर टक यायचा थांबेपर्यंत दाबून तारेला हात लावून बघा. तार अजून ताठ असेल तर पिंजऱ्याला तार धरून ठेवतेय, स्क्रू नाही. बॅरल आत फिरवा. तार सैल आहे आणि तरीही पिंजरा आत येत नाही, तर एक तर एल जास्त घट्ट आहे, नाहीतर सांधे जाम झालेत. पिंजरा हाताने बाहेर नेऊन सोडा. टचकन परत आला तर सांधे ठीक. रेंगाळत आला तर आधी ब्रशने चिखल काढा आणि सांध्यांवर पातळ तेल सोडा. शिलाई मशीनचं तेल इथे छान चालतं. चेनवर मात्र ते टाकू नका, एका पावसात धुऊन जातं.

मुंबईत या सगळ्याच्या आधी एक जागा तपासायची असते. सायकल तिरकी करा आणि खाली, पेडलच्या दांड्या फ्रेमला जिथे जोडतात त्या गोल भागाखाली बघा. अनेक सायकलींना तिथे प्लॅस्टिकची एक खाचेची पट्टी असते, तिच्यावरून उघडी तार जाते. जून ते सप्टेंबर रस्त्यावरचा सगळा चिखल, रेती, सिमेंटचं पाणी पुढच्या चाकाने थेट तिथेच उडतं. लिंक रोडवर बांधकामांच्या बाजूने जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रेती सुकली की तार खाचेत घासून चालते. लिव्हर जड होतो, चेन उतरायला वेळ लावते, आणि माणूस स्क्रू पिळत बसतो. पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने खाच साफ करा, कोरडी झाली की तेलाचा एक थेंब. तिथे ग्रीस भरू नका, ग्रीसमध्ये रेती आणखी चिकटते. पावसाळ्यात मी हे दर रविवारी करते, डिरेलर ठीक चालत असला तरी.

तार बदलायची वेळ आली तर तारेवरची बाहेरची नळी गिअरचीच घ्या. गिअरच्या नळीत लांबीच्या दिशेने सरळ तारा असतात, म्हणून ती दाबाखाली आखडत नाही. ब्रेकच्या नळीत वेटोळं असतं. दुकानात कोणी "दोन्ही सारख्याच" म्हणालं तर नाही म्हणा. गिअरची आतली तार १.२ मिलिमीटरची. नळी कापल्यावर आतलं प्लॅस्टिकचं अस्तर चपटं होतं, ते जाड सुईने गोल करून घ्या. माझ्याकडे गोधडीची सुई या कामाला कायमची वेगळी ठेवलेली आहे.

आवाजाबद्दल थोडं. घासण्याचा प्रत्येक आवाज दोष नसतो. मोठ्या चकतीवर असताना मागेही मोठ्या चकत्यांकडे गेलात की चेन तिरकी होते आणि आतल्या पत्र्याला लागते. त्यासाठी शिफ्टरमध्ये ट्रिम आहे. छोटा लिव्हर अर्धाच दाबा, हलका टक येईल आणि पिंजरा किंचित आत सरकेल. पूर्ण दाबला तर चेन उतरेल. पुढे ५० आणि मागे २८, किंवा पुढे ३४ आणि मागे ११, ही दोन टोकं मी वापरतच नाही. तिथे आवाज जाईपर्यंत स्क्रू फिरवलेत तर बाकीचे सगळे गिअर बिघडतील.

आवाज सतत न येता पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच येत असेल तर बहुतेक वेळा डिरेलर निर्दोष असतो. पेडल हळू फिरवा आणि चकती पिंजऱ्याच्या सापेक्ष डुलते का बघा. डुलत असेल तर चकती वाकली आहे किंवा तिचे बोल्ट सैल आहेत. बोल्ट तुम्ही आवळा. वाकलेली चकती मेकॅनिककडे न्या.

चेन सगळी जुळवणी ठीक असतानाही पडते तेव्हा बहुतेक वेळा गिअर टाकण्याची वेळ चुकलेली असते. ५० वरून ३४ वर येणं म्हणजे एकदम एक तृतीयांश हलकं होणं. पाय हवेत फिरतात, चेन झटका खाते. मागे १८ वर असताना पुढे उतरलात तर मागे लगेच दोन-तीन गिअर जड करा, १४ किंवा १३ वर. ३४ ला १३ म्हणजे २.६ आणि ५० ला १८ म्हणजे २.८, फरक पायाला जेमतेम कळतो. आणि चढ अंगावर येण्याआधी उतरा. पवईला मी सपाटीवर असतानाच पुढचा गिअर टाकून घेते, पेडल फिरतं ठेवून, पायाचा जोर अर्धा सेकंद काढून घेऊन. चढात उभं राहून पूर्ण जोर देत असताना गिअर बदलला तर कितीही चांगला लावलेला डिरेलर चेन नीट हलवू शकत नाही.

तरीही चेन आत पडलीच तर लगेच उतरू नका. पेडल हलकेच पुढे फिरवत मोठा लिव्हर दाबून धरा. पिंजरा चेनला बाहेर ढकलतो आणि पुष्कळदा ती चकतीवर परत चढते. पेडल अडलं तर मात्र थांबा. जोर केलात तर चेन फ्रेममध्ये आणखी रुतते.

पुतणीची सायकल त्या दिवशी अशी लागली: पिंजरा दोन मिलिमीटर खाली आणला, एल होता तसाच, एच परत दीड फेरा घट्ट, आणि तार नव्याने बांधली. कन्नमवार नगरातल्या आमच्या गल्लीत तिने वीस वेळा वर-खाली गिअर बदलून बघितले. नवी किंवा नव्याने बांधलेली तार पहिल्या तीन-चार राइडमध्ये थोडी सैल पडते, नळीची टोकं आपापल्या जागी बसतात म्हणून. म्हणून तिला सांगून ठेवलंय, चढायला उशीर वाटला तर फक्त बॅरल अर्धा फेरा बाहेर, स्क्रू ड्रायव्हर घरीच ठेवायचा. काल रात्री तिचा फोन आला होता, ऐरोली पुलावरून परतताना अर्धा फेरा दिला, लागला म्हणाली.